पर्चेसकाकांचा जंप स्टार्टर

कोणतीही वस्तू हातात दिली की काका आधी ती तळहातावर ठेवून डोळे मिटायचे. कलिंगड असो, मोबाइल असो, नाहीतर कुणाच्या लग्नाची पत्रिका. हात हलकेच वरखाली करायचे, मग डोळे उघडून म्हणायचे, "हं. बघू." या "बघू"चा अर्थ आमच्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक होता. आता निदान दीड महिना काहीही होणार नाही.

तुम्ही म्हणाल, पत्रिकेच्या वजनावरून काय कळतं? मीही एकदा विचारलं होतं. "वजन खोटं बोलत नाही," काका म्हणाले. "बाकी सगळं खोक्यावर छापता येतं."

काका डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रसायनांच्या कंपनीत पर्चेसला होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी कोथिंबिरीची जुडीसुद्धा चौकशीशिवाय घरात येत नसे. त्यांचं आडनाव खालच्या पाटीवर होतं, पण ते फक्त पोस्टमन वापरायचा. बाकी सगळे पाठीमागे पर्चेसकाका आणि तोंडावर नुसतं काका म्हणत. "तीन दुकानं, तीन भाव, मग तोंड उघडायचं" हे त्यांचं वाक्य आमच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं.

एके काळी त्यांना विचारल्याशिवाय आमच्याकडे काही घेतलं जात नसे. गीझर, कपाट, गाद्या, सगळ्यावर काकांचा हात फिरलेला. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी तर त्यांना मुलगा बघायला नेलं होतं. काकांनी होणाऱ्या जावयाशी हात मिळवला, तो जरा जास्तच वेळ धरून ठेवला आणि जिना उतरताना म्हणाले, "हं. बघू." लग्न झालं. पण दीड महिन्याने.

मग तो पाण्याचा पंप आला.

सोसायटीचा नवा पंप काकांनीच निवडला होता. मनासारखी चौकशी करून, कंपनीच्या माणसाला रडवून. तो बसला आणि आठवड्याभरात जळला. टाकी रिकामी असताना कोरडाच चालत राहिला होता, त्यात पंपाचा दोष नव्हता आणि काकांचा तर नव्हताच. पण हे कळेपर्यंत लोकांनी चार मजले बादल्या चढवल्या होत्या. कुणी भांडलं नाही. कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही. फक्त विचारायचं बंद केलं. पुढच्या पंपाच्या मीटिंगला आमच्या सेक्रेटरीने मोबाइल वर धरला. हा माझ्याच वयाचा, बँकेतला, बोलायला गोड माणूस. म्हणाला, "काका, तुम्ही कशाला त्रास घेता? आता रिव्ह्यू वाचले की झालं."

"हो, हो, बरोबर," काका म्हणाले.

तेव्हापासून ते संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर बसून दुसऱ्यांच्या घरी जाणारी खोकी बघत. डिलिव्हरीवाला समोरून गेला की त्यांची मान त्याच्याबरोबर वळायची, आणि मांडीवरचा हात आपोआप उताणा व्हायचा.

अशा माणसाला मी विचारलं. मुद्दाम नाही. माझ्या हातून मुद्दाम असं काही चांगलं होत नाही.

झालं असं, की माझी गाडी बंद पडली होती. गाडी लहानशीच, पेट्रोलची. आम्ही ती वापरत नाही, सांभाळतो. स्टेशनला रिक्षा बरी पडते, बाजाराला पाय. गाडी निघते ती कुणाच्या मुंजीला, नाहीतर मेधाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, माहेरी कल्याणला. उभी राहून राहून बॅटरी उतरते. त्या दिवशी मेधाच्या भाचीचं बारसं होतं. मेधा जरीच्या साडीत, मांडीवर कुंची आणि वाळे घेऊन पुढच्या सीटवर बसली. मी किल्ली फिरवली. "टक" असा आवाज आला, आणि मग काहीच आलं नाही. गाडीने असं "टक" केलं की मेधा बोलत नाही, फक्त दार उघडून उतरते. ती रिक्षाने गेली. मी वर जाऊन गाडीची कागदपत्रं आणावीत म्हणून लिफ्टमध्ये शिरलो. कशासाठी, ते आजही सांगता येणार नाही. आणि स्वतःशीच म्हणालो, "एक जंप स्टार्टर घेऊन टाकावा."

लिफ्टमध्ये काका होते.

"कसला स्टार्टर?"

मी सांगितलं. पॉवर बँकेसारखा डबा असतो. त्याला दोन चिमटे, लाल आणि काळा. ते उतरलेल्या बॅटरीला लावायचे, किल्ली फिरवायची, गाडी सुरू. धक्का मारायला कुणाला बोलवावं लागत नाही.

काकांचा मजला आला. दार उघडलं. काकांनी ते हाताने अडवून धरलं. "घेतला नाहीस ना अजून?"

"नाही."

"मग विचारतोयस ना मला?"

आता माझ्या जागी तुम्ही असता तर काय म्हणाला असतात? "हो काका," मी म्हणालो. "विचारतोय."

ते दार सोडून परत आत आले आणि माझ्या मजल्यावर उतरले.

"गाडी किती सीसीची?" हा पहिला प्रश्न, आणि पहिल्याच प्रश्नाला मी नापास. मला माझी साखर माहीत होती, कोलेस्टेरॉल माहीत होतं, गाडीचे सीसी माहीत नव्हते. काकांनी कागदपत्रं मागितली. ती आणायलाच मी वर आलो होतो, हे बघून मला उगाचच हुशार वाटलं. "पेट्रोल, बाराशेच्या आतली," काका म्हणाले. "म्हणजे तोफ नको. पिस्तूल पुरे."

काकांकडे स्वतःची गाडी नव्हती. त्यांना ती चालवताही येत नव्हती. पण त्याने त्यांचं काही अडत नसे. कंपनीत असताना आयुष्यभर ॲसिड घेतलं, ते काही पिऊन बघितलं नव्हतं, असं ते म्हणत.

मेधाने दुसऱ्याच दिवशी शहाणपणाचा प्रश्न विचारला. "त्यापेक्षा नवीन बॅटरी का नाही बसवत?"

"अगं, बॅटरी बसवली तर गाडी सुरू होईल," काका म्हणाले.

"मग?"

"मग चाचणी कशावर घ्यायची?"

मेधाने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. गाडी बंद ठेवायचं ठरलं, आणि गाडीसाठी काका आणि मी रिक्षाने फिरू लागलो.

डोंबिवलीतल्या दुकानदाराने भला मोठा डबा पुढे ठेवला. त्याला टायरमध्ये हवा भरायची नळी होती, फोन चार्ज व्हायचा, आणि टॉर्च असा की त्याने तो लावल्यावर समोरच्या चहावाल्याने हात डोळ्यांवर घेतला. काकांनी डबा तळहातावर तोलला. "हे टॉर्च विकतायत," मला म्हणाले. "जंप स्टार्टर वर घालतायत."

कल्याणच्या दुकानात खोक्यावर दोन हजार अँपिअर छापलं होतं. "हे किती वेळासाठी?" काकांनी विचारलं.

"काका, कंपनीने लिहिलंय ना."

"कंपनीने माझ्या दाखल्यावरही 'उत्तम' लिहिलंय. हा क्षणभराचा आकडा झाला. सलग किती देतो ते सांगा." मग त्यांनी केबल दोन बोटांत धरली. "एवढ्याशा नाडीतून दोन हजार जाणार?"

दुकानदाराने चहा मागवला. काकांनी चहा घेतला आणि म्हणाले, "याने सुरू झालेली एक गाडी दाखवा." दुकानदार वैतागला, पण कल्याणचा व्यापारी गिऱ्हाईक सोडत नाही. त्याने एका जुन्या गिऱ्हाइकाला फोन लावून स्पीकरवर टाकला. पलीकडचा माणूस खुशीत म्हणाला, "एक नंबर वस्तू आहे हो. घेतल्यापासून गाडी बंदच पडली नाही."

"बघ," काका मला म्हणाले.

"काका, हे त्यांच्या बॅटरीचं कौतुक झालं."

काका विचारात पडले. "दोन्ही शक्यता धरून चालू," म्हणाले, आणि आम्ही उठलो.

ठाण्याचं दुकान गारेगार होतं. काउंटरवरची मुलगी प्रत्येक वाक्याला "सर" म्हणायची. काकांनी विचारलं, "लाल-काळं उलटं लागलं तर?"

"सर, अलार्म वाजतो."

"वाजवून दाखव."

तिने शोसाठी ठेवलेल्या बॅटरीला चिमटे उलटे लावले. कर्कश पीं-पीं सुरू झालं. सगळं दुकान आमच्याकडे वळलं. "आणखी एकदा," काका म्हणाले. तिसऱ्या वेळी मॅनेजर आला. काकांनी त्याच्याकडे लक्षही दिलं नाही. त्यांनी तो डबा तळहातावर घेतला, डोळे मिटले, आणि बराच वेळ मिटलेलेच ठेवले. मुलीने मला हळूच विचारलं, "सर, ते ठीक आहेत ना?"

"हं," काका म्हणाले. "बघू."

तिने बिल फाडायला घेतलं. मी तिला थांबवलं. तिला बिचारीला अर्थ कुठे माहीत असणार?

अशा आमच्या फेऱ्या चालू असताना एक भलतंच संकट आलं. मी सहज किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली. चांगलं ऊन पडलं होतं, बॅटरीला कुठूनशी उभारी आली असावी. मी आनंदाने काकांना सांगायला गेलो. त्यांचा चेहरा उतरला. "आता रे?" एवढंच म्हणाले. त्यांचा तो चेहरा मला बघवेना. मी खाली गेलो, इंजिन बंद केलं आणि हेडलाइट लावून दुपारभर गाडीजवळ उभा राहिलो. मेधाने वरून विचारलं, "काय करतोयस?"

"गाडी बंद पाडतोय."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली. लग्नाला इतकी वर्षं झाली की बायको भांडत नाही, "बरं" म्हणते. तुम्हाला अनुभव असेल.

शेवटी ठाण्याचाच घेतला. केबल जाड, आकडा खरा, चार्ज महिनोन्महिने टिकणारा. दवाखान्यातून बाळ घरी आणावं तसा काकांनी तो मांडीवर धरून आणला. "दोन दिवस माझ्याकडे राहू दे. पूर्ण चार्ज करून नीट तयार करतो. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये लावू. सेक्रेटरीला बोलाव."

"त्याला कशाला?"

"बोलाव."

पंपानंतर काकांनी त्याचं नाव पहिल्यांदाच काढलं होतं. माझी गाडी सगळ्यांसमोर सुरू झाली तर लोक पुन्हा विचारू लागतील, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मला आयुष्यात परीक्षेच्या आदल्या दिवशी झोप लागली नाही असं झालेलं नाही. त्या शनिवारी झालं.

रविवारी अर्धी इमारत खाली होती. गाडी सुरू होते का हे बघायला नव्हे, पेपर वाचून झाला होता म्हणून. सेक्रेटरी चहाचा कप हातात घेऊन आला. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मेधाने बॉनेटवर कुंकवाचं बोट लावलं. बॉनेट उघडलं, काकांनी स्वतःच्या हाताने लाल चिमटा लाल खुणेवर लावला, काळा काळ्यावर. डब्यावर हिरवा दिवा लागायला हवा होता. लाल लुकलुकत राहिला.

"फिरव," काका म्हणाले.

टक.

काकांनी चिमटे काढले, पुसले, पुन्हा लावले. "फिरव."

टक.

"पंपासारखं तर नाही ना झालं, काका?" सेक्रेटरी म्हणाला. हसून नाही, काळजीनेच म्हणाला, म्हणून जास्त लागलं. मग हळू आवाजात मला, "परत कर. मी ऑनलाइन मागवतो, उद्या येईल." मी स्टिअरिंग धरून बसलो होतो. काचेतून मला काकांचे हात दिसत होते. ते डबा उलटासुलटा करत होते, पण डोळे डब्यावर नव्हते.

तेवढ्यात पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून काकू वाकल्या आणि सगळ्या पार्किंगला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अहो, त्या चिमट्यांचं पॉलिश वाळलं का नीट?"

कुणाला काही कळलं नाही. काकांना कळलं. त्यांनी डबा हळूच बॉनेटच्या कडेला ठेवला.

"कसलं पॉलिश, काकू?" मेधाने वर बघत विचारलं.

"नेलपॉलिश गं. बिनरंगाचं. डोंबिवलीची हवा लोखंड खाते म्हणून हे सगळ्याला लावतात. किल्ल्यांना लावतात, छत्रीच्या काड्यांना लावतात, दाराच्या कडीला लावतात. दुकानातली बाई मला विचारते, काकू, किती हौस तुम्हाला. माझ्या नखाला काही ते आजवर लागलं नाही."

चिमट्यांच्या दातांवर काकांनी गंज लागू नये म्हणून दोन हात मारले होते. पातळ काचेसारखा थर बसला होता. त्यातून वीज जाणार कशी? पूर्ण चार्ज केलेला, तीन दुकानांतून पारखून आणलेला जंप स्टार्टर आणि माझी बॅटरी यांच्या मध्ये नेलपॉलिश होतं.

काका सेक्रेटरीकडे वळले. "वस्तू बरोबर आहे," ते म्हणाले. "मी चुकलो. परत करायची नाही."

मग तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या तोंडून हसू फुटलं, मग त्यांच्या जावयाच्या, तोच तो हात मिळवलेला. मग सगळेच हसू लागले. सेक्रेटरीच्या कपातला चहा सांडला. मेधा वर जाऊन भांडी घासायची तारेची घासणी घेऊन आली. काकू जिना उतरून आल्या, एक चिमटा त्यांनी घासला, एक मेधाने. काका बाजूला उभे होते, हात मागे बांधून, शाळेत वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखे.

चिमटे लावले. हिरवा दिवा लागला. मी किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली. पण त्याकडे फारसं कुणाचं लक्षच नव्हतं. लोक काकूंना विचारत होते, आणखी कशाकशाला लावलंय? चष्म्याला? कवळीला?

मला वाटलं, संपलं. निवड बरोबर निघाली आणि माणसाचं हसं झालं. दुपारी मी त्यांच्याकडे जायचं टाळलं. संध्याकाळी राहवेना म्हणून गेलो, तर दार उघडंच. आत सेक्रेटरी बसलेला, समोर काकूंचे पोहे. "काका, आमच्या हिला कुकर घ्यायचाय," तो म्हणत होता. "तुम्ही बघा. फक्त पॉलिश नको हं." त्याच्या मागे तिसऱ्या मजल्यावरच्या बाई, त्यांना मुलीसाठी शिलाई मशीन हवं होतं.

मी त्यावर नंतर बराच विचार केला. पंप जळला तेव्हा कुणी हसलं नव्हतं. सगळे नीट वागले होते. त्या नीट वागण्यातून परत यायला काकांना वाटच नव्हती. चिमट्यांवरून मात्र लोक पोट धरून हसले आणि हसता हसता त्यांच्याशी बोलून गेले. पुढे वर्षभर तरी आमच्या इमारतीत काही चटकन विकत घेतलं गेलं नाही.

मग काकूंचे गुडघे गेले. मुलाने दोघांना ठाण्याला, बाळकुममध्ये नेलं, टॉवरमध्ये, जिथे लिफ्ट बंद पडत नाही. निघताना काकांनी माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "आता बॅटरी बदल. चाचणी झाली." मी बदलली. कुणालाही न विचारता बदलली, आणि दुकानदाराने सांगितली ती घेऊन आलो. आता गेटजवळच्या बाकावर डिलिव्हरीवाले टेकतात.

फोनवर काका म्हणायचे, "छान आहे इथे. सगळं आहे." मग थोडं थांबून, "इथे सगळ्यांना सगळं आधीच माहीत असतं रे." मुलगा सकाळी मोबाइलवर बोटाने सांगायचा, संध्याकाळी खोकं यायचं. काका ते उघडूही द्यायचे नाहीत आधी, नुसते हातात घेऊन उभे राहायचे. सून म्हणायची, बाबा, आत कुंडी आहे, मोबाइल नाही. पुढे पुढे त्यांनी खोकी हातात घ्यायचंही सोडलं, असं काकूंनी मेधाला सांगितलं. मेधाने ते मला जेवताना सांगितलं, आणि आम्ही दोघं बराच वेळ आमटी वाढून घेत राहिलो.

दिवाळीनंतरच्या रविवारी आम्ही फराळ घेऊन निघालो. माणकोलीच्या पुलावरून बाळकुम आता जवळ पडतं. वाटेत काकांचा फोन. "वर येऊ नका. गेटवरच थांबा. गाडी बंद करू नकोस."

मला काय काय वाटून गेलं. काकूंचं काही? मी गेटवर पोचलो तर काका इस्त्रीच्या शर्टात उभे, आणि त्यांच्या शेजारी त्यांच्याच वयाच्या एक बाई, खांद्याला पर्स. काकांनी मागचं दार उघडून त्यांना बसवलं, स्वतः दुसऱ्या बाजूने बसले, दार दोनदा लावून पाहिलं.

"या अकराव्या मजल्यावरच्या," काका म्हणाले. "यांना मिक्सर घ्यायचाय. काल बागेत भेटल्या, म्हणाल्या, तुम्हाला यातलं काही कळतं का हो?" ते खिडकीबाहेर बघत होते, पण कान लाल झालेले मला आरशात दिसले.

"माझा मुलगा परदेशातून पाठवतो," बाई म्हणाल्या. "दोन पाठवले. एकात चटणी होत नाही, दुसऱ्यात माझा हात जात नाही. तो म्हणतो, आई, रिव्ह्यू चांगले आहेत."

मेधाने फराळाचा डबा मांडीवर नीट धरला आणि माझ्याकडे बघितलं. "बरं," ती म्हणाली. हे वेगळं "बरं" होतं. मी गाडी रस्त्याला काढली.

"आज मिळेल ना?" बाईंनी विचारलं. "डाळ भिजत घातलीय मी."

"घाई करायची नाही," काका म्हणाले. "सगळीकडे बघायचं, हातात घ्यायचं, चालवायला लावायचं. पावसाळ्याच्या आत घेऊन टाकू."

दोन्ही बाजूंच्या टॉवरच्या गॅलऱ्यांमधून अजून दिवाळीचे कंदील लटकत होते. आरशात बाई पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेल्या दिसल्या. आता बाई गाडी थांबवायला सांगणार, असं वाटून मी वेग कमी केला.

त्यांनी पर्स मांडीवरून बाजूला ठेवली आणि मागे टेकून बसल्या. "मग कल्याणची दुकानंही बघू या का?" त्या म्हणाल्या. "तिकडे मी कितीतरी वर्षांत गेलेले नाही."